पानमळ्याबाहेरच्या चपला

मुनीरचा फोन आला तेव्हा मी मोहोळजवळच्या एका द्राक्षबागेत वाकून पानाची खालची बाजू तपासत होतो. मुनीर हा नूरचाचांचा थोरला मुलगा. तो एवढंच म्हणाला, "अब्बा गेले. मळ्यातच गेले. असरच्या नमाजनंतर माती हाय, ये." काय बोलावं ते मला सुचेना, आणि तोंडातून निघून गेलं, "चपला कुठं होत्या?" तो म्हणाला, "भाईर. ताटीपाशी. आजून तितंच हायत."

बाप गेल्याची बातमी देणाऱ्याला असा प्रश्न कुणी विचारत नाही, पण मुनीरला त्यात वावगं वाटलं नाही. नूरचाचांचा पानमळा सोलापूरच्या बाहेर, अक्कलकोटच्या वाटेवर आहे. वीस गुंठ्यांचा, चारही बाजूंनी शेवरीची आणि कडब्याची दाट भिंत आणि आत जायला कडब्याचीच एक ताटी. ताटीजवळ पाण्याचा रांजण. तिथं चपला काढायच्या, पाय धुवायचे, आत कुणी असो नसो हाक मारायची आणि मगच आत जायचं. बाहेर चपला दिसल्या म्हणजे आत माणूस आहे. हा नियम चाचांच्या आज्यापासूनचा. वेल दचकतो, असं चाचा सांगायचे. त्या नियमावरून लोक त्यांची चेष्टाही करत. पानांच्या बाजारात ते डालगं उतरवायला लागले की कुणीतरी हमखास विचारी, "काय नूरभाई, आज चपला काढल्या का?" चाचा हसून म्हणत, "काढल्या बाबा, काढल्या." मीही त्या हसण्यात सामील असे. त्या चेष्टेत काय होतं ते मला त्यांच्या मृत्यूनंतरच्या चाळिसाव्याला कळलं, आणि म्हणूनच हे लिहायला बसलो आहे. त्यांना सांगायची एक गोष्ट मी अकरा वर्षं मनात ठेवली होती. दर खेपेला वाटायचं, आज सांगू. आता ती सांगायला माणूस उरला नाही.

आमचं घर मेंढरांमागं फिरणारं, सांगोल्याकडचं. पिकं निघाली की वडील कळप घेऊन चाचांच्या रानात बसवायला येत, कारण पानवेलीला लेंडीखतासारखं दुसरं खत नाही असं चाचांचं मत होतं. मी दहावी पास झालो त्या वर्षी पुढं शिकायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हे आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. चाचांनी वडिलांना विचारलं, "पोरगं आता कुटं घालणार?" वडील म्हणाले, "कुटं म्हंजे? मेंढरांमागं की." चाचा म्हणाले, "त्याच्याबिगर मेंढरं चरायची थांबणार हायत व्हय? हितं राहू दे. मुनीरच्या शेजारी एक वाकळ जादा टाकू." त्या एका वाकळेवर मी दोन वर्षं झोपलो, तिथूनच बारावी झालो आणि तिथूनच कृषी महाविद्यालयात गेलो. आमच्या सगळ्या भावकीत पदवीचा कागद हातात घेतलेला मी पहिला. माझ्या नावापुढं आज जे काही लिहिलं जातं ते त्या घरचं आहे.

सोलापूरचं ऊन ज्यांना माहीत आहे त्यांना त्या मळ्याची गोष्ट सांगून पटणार नाही. बाहेर डांबर मऊ झालेलं असायचं, आणि ताटी ढकलून आत पाऊल टाकलं की अंगावर ओला गारवा यायचा. शेवरी आणि पांगाऱ्याच्या खोडांवर वेल लव्हाळ्यानं बांधत बांधत वर चढवलेले, वर पानांचं छत, खाली हिरवा अंधार. दहा पावलांवरचं माणूस दिसायचं नाही. ऐकू यायचा तो फक्त चाचांच्या नखीचा आवाज. पान खुडायला अंगठ्यावर पत्र्याची धारदार नखी चढवतात, तिचा देठाला टेकून टक्... टक्... असा आवाज येतो. बाहेरून हाक मारली की तो आवाज थांबायचा. चाचा ऐकत असायचे. मग आतून यायचं, "पाय धुतलं?" आपण हो म्हणायचं. त्यावर उत्तर नसे. पुन्हा टक् झालं की समजायचं, आत यायची परवानगी आहे.

वर्षातून एकदा वेल उतरवायचे असतात. शेंड्याला गेलेला वेल सोडवून खाली घ्यायचा, त्याचा पानं झडलेला जुना भाग बुंध्याशी वेटोळं करून मातीत पुरायचा आणि शेंडा पुन्हा खोडाला बांधायचा. मी पहिल्यांदा हे काम केलं तेव्हा चाचा शेजारी उकिडवे बसले होते. त्यांनी जमिनीवर तळहात ठेवला आणि म्हणाले, "ह्याच्या खाली गेल्या सालचा वेल हाय. त्याच्या खाली माज्या अब्बाच्या हातचा. त्याच्याबी खाली आज्याच्या हातचा. दरसाल माती द्यायची, दरसाल वर येतो." मी म्हटलं, "चाचा, खालचं सगळं कुजून गेलं असणार आतापर्यंत." ते म्हणाले, "आसंल. पन मग वर ढकलतंय कोन?" ते गंमत करत होते की काय, त्या अंधारात मला त्यांचा चेहरा नीट दिसला नाही. त्यानंतर मळ्यातून चालताना पायाखाली काहीतरी गुंडाळून ठेवलेलं आहे, ही जाणीव मात्र माझी कधी गेली नाही.

महाविद्यालयात आमच्या सरांनी एकदा हॉप्सच्या वेलांची चित्रं दाखवली. उत्तरेकडच्या थंड, ओल्या मुलखात उंच दोऱ्यांवर हा वेल चढवतात, आणि जी ओल त्याला वाढवते तीच त्याला बुरशी लावून मारते. पावसाळी हवा सरली नाही तर शेतकरी रोज पानं उलटी करून बघत बसतात. सुट्टीला आल्यावर मी हे चाचांना सांगितलं. त्यांनी विचारलं, "खात्यात का ती पानं?" मी म्हटलं, "फुलं वापरतात. बिअर करायला." चाचांनी हातातलं पान उलटं करून पाहिलं. "त्यात वेलाचा काय दोष," म्हणाले, "पन आत जाताना पाय धुत्यात का न्हाय ती मान्सं?" मी म्हटलं, ते पुस्तकात दिलेलं नाही. "मंग आर्दंच पुस्तक हाय की," चाचा म्हणाले.

पदवी घेऊन मी एका रोपवाटिकेत नोकरीला लागलो. शेतांवर फिरायचं काम. पहिल्या महिन्यात चामड्याचे बूट घेतले, आयुष्यातले पहिले. भाद्रपदातले झाकोळलेले, दमट दिवस होते. एके सकाळी दुसऱ्या तालुक्यातल्या एका पानमळ्यात मर लागली म्हणून बघायला गेलो. वेल उभ्या जागी माना टाकून होते, बुंधे काळे पडून सडले होते. मी तास दीड तास त्या चिखलात हिंडलो. परतताना वाटेत चाचांचा मळा लागला. मला बूट दाखवायचे होते. आतून टक् टक् ऐकू येत होतं, आणि म्हटलं आज चाचांना एकदम समोर जाऊन चकित करू... मी बूट काढले नाहीत, पाय धुतले नाहीत, हाक मारली नाही. ताटी हळूच सारली, ओळीतून सरळ गेलो, जुन्या पांगाऱ्याला वळसा घातला. तेवढ्यात नखी थांबली. "कोन हाय?" चाचांचा आवाज मी इतका बारीक कधी ऐकला नव्हता. मी पुढं झालो, हसलो. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही. ते बुटांकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "चांगलं हायत. भाईर ठेव." एवढंच.

मर रोग मातीतून, पाण्यातून, अवजारांवरून आणि पायांवरून पसरतो, हे उत्तर मी परीक्षेत लिहिलं होतं. त्या उत्तराला मला पूर्ण गुण होते.

तीन आठवड्यांनी मुनीरनं बोलावून घेतलं. वेल पिवळे पडले होते, पण सगळे नाही. ताटीपासून एका ओळीत सरळ, मग पांगाऱ्याला वळसा घालून पुढं, आणि मी जिथं थांबलो होतो तिथं ती ओळ थांबली होती. तिच्या दोन्ही अंगाचे वेल हिरवेगार. हिरव्या अंधारात ती पिवळी रेघ उजेड पडल्यासारखी दिसत होती. मी बघत उभा राहिलो. मुनीर म्हणाला, "कसं काय आलं रे हे? तू तर शिकलायस." मी पाण्याचा निचरा, हवेतली ओल असं काहीबाही बोललो. चाचा खाली बसून मेलेले बुंधे एकेक करून उपटत होते. त्यांनी मान वर केली नाही. उपटलेले वेल बाहेर नेऊन जाळले, चर खणून बाकीचा मळा वाचवला, पण दोन वर्षं त्या घरात ओढगस्त होती. मुनीरचं लग्न पुढं गेलं. मी दर महिन्याला जात राहिलो, औषधं नेत राहिलो, आणि खरं काय ते सांगितलं नाही.

त्या पट्ट्यात चाचांनी पुन्हा वेल लावला नाही. सगळा मळा गच्च भरला, तो पट्टा तेवढा रिकामा राहिला, आणि जायला यायला बरा म्हणून घरातले त्याला वाट म्हणू लागले. मी हाक मारली की आतून चाचा म्हणत, "वाटेनं ये." मी वाटेनं जाई. अनवाणी, धुतलेल्या पायांनी. कितीही वेगळं टाकायचं ठरवलं तरी पाऊल त्याच त्याच जागी पडतंय असं मला वाटायचं, आणि पांगाऱ्याच्या वळणावर पाय आपोआप थबकायचे. समोर चाचा पानं खुडत असायचे. मला पाहून हसायचे. मी सांगायचं ठरवून आलेला असायचो, आणि पान खाऊन परत जायचो.

मुनीरचा फोन आला त्या दिवशी मातीला मी वेळेत पोहोचलो. चाचा पांगाऱ्याला टेकून बसलेले सापडले होते, मांडीवर अर्धं भरलेलं डालगं. गुसल देताना, म्हणजे शेवटची आंघोळ घालताना, अंगठ्यावर नखी नव्हती. वर्षानुवर्षांचा खोलगट वण तेवढा होता. मुनीरनं बसल्या जागेची माती चाळली, डालगं उलटं केलं. नखी मिळाली नाही.

चाळिसाव्याला गेलो तेव्हा जेवणं उरकल्यावर चाचींजवळ बसलो होतो. बाहेर अंगणात कुणीतरी आठवण काढून म्हणालं, "नूरभाई येवडे नेमाचे, पन येकदाच चप्पल घालून आत गेले आनि मळा मारून घेतला." मी दचकून चाचींकडे पाहिलं. त्या सुपारी कातरत होत्या. म्हणाल्या, "ते सगळ्यांना तसंच सांगायचे. मीच इसरलो म्हनून. बाजारात लोक चिडवायचे, हे हसायचे." मी विचारलं, "खरंच विसरले होते?" चाचींनी अडकित्ता खाली ठेवला. "चाळीस साल मी त्यांच्या चपला बघत आले, बेटा. कवा आत गेल्या न्हाईत. मी एकदाच इचारलं, मंग कोन गेलं? तर म्हनले, मेंढक्याचं पोर शिकलंय, नवी नोकरी लागलीया. लोक म्हनतील, शिकून आला आनि मळा मारला. त्याला हितं तोंड दाखवू देनार न्हाईत. मला म्हातार्‍याला बोलले तर काय बिघडतंय." मग अडकित्ता पुन्हा उचलत म्हणाल्या, "तू येशील आनि सांगशील, असं त्यांना वाटायचं. तू आला की विचारायचे, काही बोलला का गं तुज्याजवळ?"

मी उठून एकटाच मळ्याकडे गेलो. भर दुपार होती. मुनीर आणि बाकीची माणसं घरी, अंगणात. ताटीबाहेर चाचांच्या चपला तशाच होत्या, अंगठ्यापाशी झिजलेल्या, पट्ट्यावर चाळीस दिवसांची धूळ. मुनीरनं सांगितलं होतं, उचलायला कुणाचा हात होत नाही, आणि बाहेर चपला दिसल्यावर हाक मारल्याशिवाय आत जायलाही कुणी धजत नाही. मी बूट काढायला वाकलो आणि तसाच राहिलो. आतून आवाज येत होता. टक्... टक्...

पानावरून पानावर पाणी पडत असेल, असं मी स्वतःला सांगितलं. त्या दिवशी मळ्याला पाणी दिलेलं नव्हतं, हे नंतर कळलं. मी बूट त्या चपलांच्या शेजारी ठेवले. रांजणातलं पाणी घेऊन पाय धुतले, घोट्यापर्यंत, बोटांच्या बेचक्यांतून. मग हाक मारली, "चाचा, मी सिद्धू."

आवाज थांबला.

"पाय धुतले," मी म्हणालो. मग ताटीला हात लावून, अकरा वर्षांपूर्वी म्हणायला हवं होतं ते म्हणालो. कुठल्या मळ्यातून आलो होतो ते, बुटांना काय लागलं होतं ते, मला तेव्हाच माहीत होतं ते. सगळं मोठ्यानं सांगितलं. आत पान हलत नव्हतं. मी मानेवर ऊन घेत किती वेळ उभा होतो कोण जाणे...

मग आत, पांगाऱ्याच्या अंगाला, पुन्हा टक् झालं. मी ताटी सारली आणि वाटेनं गेलो.