हौदवाले सर

आमच्या फार्मसी कॉलेजात हौदवाल्या सरांची पोरांना धास्ती असायची. उंदरांशी मात्र ते लेकराशी बोलावं तसं बोलायचे. त्यांच्या प्रयोगशाळेत एक गोल हौद होता. पाणी दूध घालून पांढरं केलेलं आणि पाण्याखाली कुठंतरी, न दिसणारा एक चौथरा. इंजेक्शन देऊन मेंदूतल्या पेशी मारलेले उंदीर त्यात सोडायचे आणि चौथऱ्याची जागा त्यांच्या ध्यानात राहते का, ते बघायचं. धाराशिवात हे असलं काम करणारे ते एकटेच असावेत.

चौथरा सापडलाच नाही, तर उंदराला हातानं नेऊन तिथं बसवायचं आणि थोडं बसू द्यायचं, म्हणजे जागा लक्षात राहते. मी त्यांची विद्यार्थिनी, पण भलती उतावळी. उंदीर बसतो न बसतो तोच उचलायला जायची. सर ओरडायचे, "अगं, हरवलंय ते. बघू दे की त्याला." मग हळू आवाजात उंदराला म्हणायचे, "बस हितं. घाई करू नको. बघ जरा."

त्याच सुमारास बेंबळीला, सरांच्या गावी, काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, विसरायला लागल्या. आधी भाजीतलं मीठ, मग शेजारणींची नावं, मग स्वतःचं घर. देवळातून निघाल्या की भलत्याच गल्लीत शिरायच्या. सर हात धरून आणायचे, ओट्यावर बसवायचे आणि उंदराला म्हणायचे तेच त्यांनाही म्हणायचे. काकू दार बघायच्या, समोरचा लिंब बघायच्या. कधी ओळख पटायची, कधी नाही.

आम्ही उंदरांना शेवग्याच्या पाल्याचा अर्क देऊन बघत होतो. त्यानं काही उंदीर पुन्हा चौथरा शोधू लागले, तेव्हा मला राहवलं नाही. "सर, काकूंना देऊन बघू या का?"

सर म्हणाले, "उंदराचं डोकं आपणच बिघडवलं होतं. कुठं बिघडलंय ते ठाऊक होतं. हिचं कुठं बिघडलंय, मला न्हाय ठाऊक. आन् तरास झाला तर तिला सांगता बी येणार न्हाय." तेव्हा मला त्यांचा राग आला. अर्काची बाटली समोरच्या फ्रीजमध्ये असताना रोज घरी रिकाम्या हातानं जायला त्यांना काय वाटत असेल, हे आता कळतं.

यंदाच्या उन्हाळ्यात सर अचानक गेले. मी बेंबळीला गेले, पण दाराशी पाय अडले. काकू ओट्यावर होत्या. सर गेल्याचं त्यांना उमजलंच नव्हतं, आणि मला तर त्यांनी ओळखलंही नाही.

"कुणाला हुडकतीस गं, बाई?"

मला रडूच फुटलं. काकू उठल्या. माझा हात धरून त्यांनी मला ओट्यावर आणून बसवलं.

"बस हितं," त्या म्हणाल्या. "घाई करू नको. बघ जरा."