चक्की बंद होईपर्यंत

आमच्या कम्प्युटरचा जीव शेजारच्या पिठाच्या चक्कीत होता. मजाक नाही. चक्की चालू तोवर तो जिवंत, चक्की बंद झाली की धडाम.

झालं असं, मी अन् दादानं गोंदियातून एक एक पार्ट जमवला. मदरबोर्ड जुना, कॅबिनेट एका बाजूनं उघडं, मॉनिटर कोण्या ऑफिसातून निघालेला. नवं फक्त ग्राफिक कार्ड, कारण त्याच्याशिवाय गाड्यायची रेस चालतच नव्हती. सारे पैसे त्यातच गेले. मांडीवर घेऊन रेल्वेनं आणलं, घरी जोडलं, तर चालूच होईना! चक्कीची मोटर फिरली की मोहल्ल्याचे बल्ब पिवळे पडत, पंखे रांगत, अन् आमचा कम्प्युटर डोळा उघडल्या उघडल्या मिटे. संध्याकाळी चक्की बंद होऊन लाइट सुधरे, पण तेव्हा बाबा घरी अन् आम्ही पुस्तकात.

कॅबिनेटमधल्या करंटच्या डब्याले मागून एक लाल बटन होतं. एका बाजूले २३०, दुसऱ्या बाजूले ११५. दादाचं डोकं चाललं. "व्होल्टेज आधाच येऊन राह्यला ना? मंग बटन बी आध्यावर कर."

केलं. चालू! दोघंही पलंगावर नाचलो. मंग गोंदियाच्या दुकानदाराले फोन लावून शान मारली, तर तो ओरडलाच, "अबे गधे, उसी में पूरा करंट आया तो बोर्ड, कार्ड, सब गया समझो!"

पण दुसरा इलाज नव्हता. मंग एक जण खेळे अन् एक जण खिडकीत चक्कीचा आवाज ऐकत बसे. दाणे संपून आवाज पातळ झाला की भिंतीवरच्या बोर्डातून पिनच उपसायची. नुसतं कम्प्युटरचं बटन दाबून भागत नव्हतं. चक्की बंद झाल्यावर पिन लावायची हिंमत आम्ही कधीच केली नाही.

बाबाले यातलं काही माहीत नव्हतं. त्यायनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "हे बिघडलं तर भंगारात देईन. दुसरं मागायचं नाही."

एक दिवस बाबा ऑफिसातून लवकर आले. आम्ही उभेच राह्यलो. बाबानं चप्पल काढली, स्क्रीनवर पाहिलं अन् म्हणे, "सरक बे. पाहू दे काय हाय त्यात."

बसले ते बसलेच. जीभ बाहेर, गाडी वळली की सारं आंग वळे. खुर्ची पार भिंतीले टेकली अन् पिनचा बोर्ड खुर्चीच्या मागं. बाबा उठल्याशिवाय तिथं हात जाणारच नव्हता.

खिडकीतून पाहिलं, चक्कीवर एकच बाई उरली होती.

"बाबा, बंद करू? डोळे दुखतीन," दादा म्हणे.

"चूप. पुढच्या गाडीले काटून राह्यलो मी."

मी स्वयंपाकघरात गेलो, तांदळाचा डबा उचलला अन् पळालो.

चक्कीवाल्या काकानं डब्यात डोकावलं. "कल ही तो तेरी माँ गेहूँ पिसाके ले गई."

"आज चावल के चीले बनेंगे काका. मेहमान आए हैं."

"कितने?"

"बहुत."

त्यानं तांदूळ ओतले. दाणे खाली सरकत होते अन् माझी नजर आमच्या खिडकीवर. बाबाचं डोकं अजून झुलूनच राह्यलं होतं. काकाचा हात बटनाकडं गेला.

"काका, एक बार और! महीन चाहिए."

"मेहमान के दाँत नहीं हैं क्या बे?"

"बूढे हैं सब."

शिव्या देत त्यानं पुन्हा दळलं. तेही संपलं. आवाज पातळ झाला. काका म्हणे, "बस, अब घर जा," अन् पुन्हा बटनाकडं वळला.

डबा उचलून मी आमच्या फाटकाशी आलो. बाबाचे साहेब नाकातून बोलत, मधात थांबून. त्यायची नक्कल मी आईपुढं करो, बाबापुढं कधीच नाही. घसा साफ केला.

"बडे बाबू... घर में हो क्या?"

आत खुर्ची सरकली. "जी सर! आया सर!"

मागं मोटर सुस्त होत गेली अन् साऱ्या मोहल्ल्याचे बल्ब एकदम पांढरे झाले. मी दात आवळून उभा राह्यलो. धडाम ऐकू येईल म्हणून. नाही आलं.

बाबा शर्टाच्या गुंड्या लावत बाहेर आले. रस्ता रिकामा. फाटकाशी फक्त मी, भुवयांपर्यंत पिठानं पांढरा.

"साहेब?"

"गेले."

"कायले आलते?"

"सांगितलं नाही."

बाबानं मले पाहिलं, डब्याले पाहिलं अन् आत वळले. आत दादा पिन मुठीत धरून उभा, तोंड माझ्यापेक्षा पांढरं.

"काहून बंद केला? दुसरा नंबर होता माझा. लाव."

डोक्यावर बल्ब कडक जळून राह्यला होता. दादानं माझ्याकडं पाहिलं. मी नुसती मान हलवली. त्याचा हात हळूच कॅबिनेटच्या मागं, लाल बटनावर गेला. टक. मले ऐकू आलं म्हणजे बाबालेही आलंच असंल. त्यानं पिन लावली. मी डोळे मिटले.

एक बारीकशी शिट्टी वाजली अन् स्क्रीन उजळला.

बाबा खुर्चीत बसले. दोन्ही हात कीबोर्डवर ठेवले अन् माझ्याकडं न पाहताच म्हणे,

"साहेब, तुम्ही जरा तोंड धुऊन या."