तीस फुटांखालचं नाव

चौबे कॉलोनीतून रिक्षा निघेपर्यंत आमच्या ह्यांचं चालूच होतं. “काहून जाऊन राहिली? बावन्न वर्षांची झाली तू.”

“म्हणूनच जाऊन राहिली,” मी म्हटलं.

रायपूर राजधानी झालं, तेव्हा ऑफिसजवळ नवा तरणतलाव झाला. पाण्याची भीती घेऊनच मी तिथे पोहायला शिकले. आता विशाखापट्टणमच्या समुद्रात बुडालेली मासेमारीची होडी पाहायची, असं मी ठरवलं होतं. सोबत मुलगी केतकी होती.

सकाळी गाडीतून उतरलो आणि किनाऱ्यावर पेसरट्टू (हिरव्या मुगाचा डोसा) खाल्ला. आमच्या बोटीवर दोघे होते. पाण्याखाली नेणारा रवी आणि बोट चालवणारे साठीचे अप्पलस्वामी.

“नीचे वाला बोट मेरा है,” अप्पलस्वामी म्हणाले.

वादळात इंजिन बंद पडून ती बुडाली होती. माणसं वाचली. पुढच्या टोकावर त्यांनी स्वतःच्या हाताने बायकोचं नाव रंगवलं होतं. बायको आता नव्हती. नावाची बाजू इतकी वर्षं वाळूत होती, पण या पावसाळ्यात लाटांनी होडी कलंडून ती बाजू वर आली असेल, असं त्यांना वाटत होतं. हंगामातली पहिली बुडी आमचीच. अप्पलस्वामींचा कानाचा पडदा फाटलेला, त्यामुळे त्यांना खाली जाता येत नव्हतं.

“नाम बचा है क्या, देखना अम्मा.”

पाठीवर हवेची टाकी घेऊन मी उतरले. पंधरा फुटांवर कानात सुई टोचल्यासारखं झालं. नाक दाबून फुंकलं तरी कळ थांबेना. मला एकटं सोडता येत नाही, म्हणून रवीलाही वर यावं लागलं.

“मम्मी, रहने दो ना,” केतकी म्हणाली. अप्पलस्वामींनी बोट किनाऱ्याकडे वळवली.

“कल फिर,” मी रवीला सांगितलं.

संध्याकाळभर खोलीत नाक दाबून सराव केला. दुसऱ्या दिवशी दोरी धरून हातभर उतरायचं, थांबायचं, कान मोकळे करायचे, असं करत गेले. पाणी गढूळ होतं. मग एकदम समोर काळी फळी आली. तिच्यावर शिंपले घट्ट चिकटलेले, आणि एका फटीतून पट्ट्यापट्ट्यांचे मासे ये-जा करत होते. शेवाळ हाताने पुसलं तर खाली निळा रंग. दोन गोलसर अक्षरं दिसली. पुढचं सगळं शिंपल्यांखाली होतं. तेलुगू मला वाचता येत नाही, परप्रांतातून आलेल्या रवीलाही नाही. ती वळणं मी बोटाने पुन्हा पुन्हा गिरवली. टाकीतली हवा कमी झाली, तसं रवीने वर चलायची खूण केली.

वर आल्यावर बोटीच्या कोरड्या फळीवर ओल्या बोटाने ती दोन अक्षरं काढली. अप्पलस्वामी वाकून पाहत राहिले.

“नूका,” त्यांनी वाचलं. मग उरलेलं स्वतःच म्हटलं, “नूकालम्मा.” ऊन कडक होतं, अक्षरं वाळायला लागली. त्यांनी आपलं बोट पाण्यात बुडवलं आणि नाव पूर्ण लिहिलं.

परतीच्या गाडीत माझा एक कान अजून दडा बसल्यासारखा होता. रायपूर जवळ आलं तेव्हा केतकीने विचारलं, “फिर जाओगी?”

“हव (हो),” मी म्हटलं.

भीती गेलेली नाही, पुढच्या वेळीही ती सोबत येईलच. पण थांबत थांबत उतरता येतं, एवढं मला कळलंय. आणि त्या नावावरचे बाकीचे शिंपले अजून काढायचे आहेत.