छिन्नीचा घाव असलेला रुपया

मी डूख धरणारी बाई आहे. झालं गेलं विसरावं असं लोक म्हणतात, म्हणोत बापडे. आमच्या घरात विसरण्याचं काम नवऱ्याकडे आहे, कपाळावर चष्मा ठेवून तो घरभर चष्मा शोधतो. मी मात्र सोलापूरच्या नव्या पेठेतल्या एका सराफाचं एकच वाक्य वीस-बावीस वर्षं जपून ठेवलं होतं, त्याला वाळवी लागू दिली नाही.

आम्ही मूळचे सांगोल्याकडचे, मेंढरं राखणारे. माझ्या आईच्या गळ्यात चांदीच्या रुपयांची माळ असायची. नऊ रुपये. आठ राजा-राणीच्या छापाचे आणि मधला वेगळाच: जाड, वेडावाकडा, काळा पडलेला, दोन्ही अंगांना फारसी अक्षरं. तो तिला तिच्या आजीकडून आला होता. त्याच्या कडेला छिन्नीचा एक घाव होता, ज्वारीच्या दाण्याएवढा. चांदी खरी का खोटी हे बघायला कुणा पूर्वजानं तो घातलेला. बोलता बोलता आईचा अंगठा त्या घावावर फिरत राहायचा. लहानपणी तापात तिच्या कुशीत पडले की माझाही फिरायचा.

मला सोलापुरात एका शाळेत कारकुनी लागली, त्याच वर्षी त्या मधल्या रुपयाची कडी निखळली. मी आईला ऐटीत नव्या पेठेत घेऊन गेले. दुकान मीच निवडलं होतं. काचेचं दार, आत पंखे, गल्ल्यावर पांढऱ्याशुभ्र शर्टातला सराफ. आपल्या आईनंही अशा दुकानात पाय ठेवावा अशी हौस होती मला. ती हौस मला अजून चावते.

“माळ ठेवून जा मावशी, संध्याकाळी न्या,” असं तो म्हणाला. संध्याकाळी गेलो तर माळ लखलखत होती. नऊच्या नऊ रुपये लखलखत होते आणि नऊच्या नऊ राजा-राणीचे होते.

आई म्हणाली, “ह्यातला माजा काळा रुपाया कुटं हाय?”

“काळेच होते सगळे. उजळून दिलेत. त्याचे पैसेसुद्धा लावले नाहीत.”

“न्हाय वं दादा. त्यो जाड हुता. त्येला घाव हुता.”

तेव्हा त्यानं दुकानातल्या गिऱ्हाइकांकडे बघून ते वाक्य टाकलं. “मावशी, मेंढरं तुम्ही मोजा, रुपये आम्हाला मोजू द्या.”

लोक हसले. मंगळसूत्र बघायला आलेली एक नवी नवरीसुद्धा हसली. मी सव्वीस वर्षांची, पदवीधर, सरकारमान्य शाळेतली कारकून, आणि माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. आई बाहेर आली आणि दुकानाच्या पायरीवर बसली. मी दंडाला धरून ‘चल’ म्हणत राहिले, ती हलेना. तिच्या अंगावरून लोक आत जात होते, बाहेर येत होते. पाणी पाहिजे का, असं कुणी विचारलं नाही. पोलिसांत जाऊ म्हटलं तर म्हणाली, “त्याच्यापशी काचंचं दार हाय. आपल्यापशी काय हाय?” ती माळ तिनं त्यानंतर गळ्यात घातली नाही.

माझा नाण्यांचा नाद सुरू झाला तो असा. इतरांना इतिहासाची गोडी असते, मला सूड घ्यायचा होता. तो रुपया कुठे ना कुठे बाहेर येईल, आणि आला की मला ओळखता आला पाहिजे, एवढाच हिशेब. मी पुस्तकं आणली, फारसी आकडे शिकले, पगारातून चार-दोन नाणी घेतली. पण या छंदातले पुरुष लोक बाईला धड उभं करत नाहीत. एका प्रदर्शनात टेबलामागचा गृहस्थ मला म्हणाला, “ताई, साड्यांचा सेल शेजारच्या हॉलमध्ये आहे.” त्याचीही नोंद माझ्याकडे आहे, पण तो किरकोळ गुन्हेगार.

मग सोलापूरच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत, एक पाटी दिसली. ‘मागाचे सुटे भाग’ असं मोठ्या अक्षरांत आणि खाली बारीक अक्षरांत ‘जुनी नाणी’. दुकानदार तेलुगू विणकरांच्या घरातले, साठीकडे झुकलेले, सगळे त्यांना अण्णा म्हणत. माग बंद पडत गेले तसे सुटे भाग खपेनासे झाले आणि त्यांच्या खणांत नाणी शिरली. ज्या खणावर ‘धोटे’ लिहिलेलं त्यात निजामाची नाणी, ‘स्प्रिंगा’ लिहिलेल्या खणात संस्थानी पैसे. मी दारात घुटमळले तर ते म्हणाले, “या अक्का, बसा. चहा घ्या. नाणी कुठं पळत नाहीत.”

मी डबा उघडून माझी नाणी दाखवली. येण्याआधी चिंच आणि राखेनं घासून चकचकीत केली होती. आमच्यात लक्ष्मीपूजनाला नाणी अशीच घासतात. मोठ्या माणसासमोर मळकट वस्तू न्यायची कशी? अण्णांनी एक नाणं कडेला धरून उचललं, बघितलं, आणि ओरडले नाहीत. उठून त्यांनी स्वतःच्या खणातून एक पांढरंफटक नाणं काढून माझ्या हातावर ठेवलं. “हे मी धुतलं होतं, विशीत असताना. लाखमोलाचं होतं. आता बघा, मुखडा पुसलेला. देवाला आंघोळ घाला अक्का, नाण्याला नको. हा काळा रंग त्याची कातडी आहे.” नवीन माणूस आला की ते आधी स्वतःची चूक दाखवत. त्या दुकानात मला कुणी अडाणी म्हटलं नाही, कारण मालकानं तो मान आधीच स्वतःकडे घेतलेला असे.

अण्णांची आणखी एक रीत होती. नाणं विकायला येणाऱ्यानं ते आपल्याकडे कसं आलं हे एका जाड वहीत स्वतःच्या हातानं लिहायचं आणि खाली सही करायची. ती वही म्हणजे नाण्यांची कुंडली. सही न करणाऱ्याचं नाणं, मग ते कितीही भारी असो, ते घेत नसत. शनिवारी दुपारी जमणारे आम्ही चहाबरोबर ती वही कादंबरीसारखी वाचायचो. पहिल्याच दिवशी अण्णांनी मला विचारलं, “काय शोधताय?” मी सगळं सांगितलं. त्यांनी वही पुढे सरकवली. “विकायला आणलेल्या नाण्याची कुंडली असते, तर हरवलेल्याची का नको? लिहा.” मी लिहिलं. घाव कुठे, केवढा, कडी झाळून जोडल्याची खूण कुठे, आणि नव्या पेठेत कुणाच्या दुकानातून गेला. सही केली. मग दर शनिवारी जात राहिले. अकरा वर्षं.

गेल्या वर्षी एका शनिवारी तो आला.

मी त्याला शर्टावरून ओळखलं. केस गेले होते, शर्ट तसाच पांढराशुभ्र. त्यानं मला ओळखलं नाही. का ओळखेल, तो तेव्हाही माझ्याकडे बघत नव्हता. मोबाइलवर कुणीतरी त्याला जुनं नाणं विकून लखपती झालेल्या माणसाचा व्हिडिओ पाठवला होता. लाल मखमलीची डबी उघडून त्यानं अण्णांपुढे ठेवली. आत रुपया होता. जाड, वेडावाकडा, आणि आरशासारखा चमकणारा.

अण्णांनी तो कडेला धरून फिरवला. एका जागी थांबले. मग रुपया आणि भिंग माझ्याकडे दिलं. “आमच्या अक्का बघतील. फारसी त्यांनाच चांगलं येतं.”

माझा अंगठा माझ्या आधी तिथं गेला. ज्वारीचा दाणा. त्याच्या बरोबर समोर कडीची खूण.

माझे कान तापले. तिथल्या तिथे त्याची गचांडी धरावीशी वाटली. पण मी बोलले असते तर रुपया उचलून तो चालता झाला असता, आणि काचेच्या दारामागे पुन्हा आमचं काय चाललं असतं? मी जीभ चावून भिंगातून बघत राहिले. बघता बघता दिसलं ते असं, की जिथं टाकसाळीचं नाव असायला हवं तिथं गुळगुळीत चांदी होती.

“हा उजळला कुणी?” मी विचारलं.

“मीच,” तो कौतुकानं म्हणाला. “कालच. आधी तेजाबात उकळला, मग मशिनवर बफ मारला. हातात हिरा दिसला पाहिजे.”

“टाकसाळीचं नाव गेलं. ते असतं तर या एका रुपयात तुमची मोटारसायकल आली असती. आता ही नुसती चांदी.”

मला वाईट वाटायला हवं होतं, आणि वाटलंही. माझ्या आईच्या रुपयाची कातडी सोलली होती त्यानं. पण त्याचा चेहरा उतरताना बघून पोटात जे गार वाटलं ते खोटं कशाला सांगू? वीस-बावीस वर्षं त्यानं चोरी सांभाळली आणि आदल्या दिवशी स्वतःच्या हातानं तिचं मातेरं केलं. मी शंभर वर्षं विचार केला असता तरी एवढी शिक्षा मला सुचली नसती.

तो जरा कुरकुरला, मग चांदीच्या भावावर थोडं चढवून द्यायला तयार झाला. पैसे मी माझ्या पर्समधून दिले. अण्णांनी वही पुढे केली. त्यानं ऐटीत लिहिलं, ‘वडिलोपार्जित. आजोबांच्या संग्रहातून.’ सही ठोकली. मी रुपया मुठीत घेतला, आणि अण्णांनी त्याच वहीची मागची पानं उलटून माझं पान त्याच्यासमोर ठेवलं.

तो वाचत गेला. स्वतःच्या दुकानाचं नाव आलं तिथं त्याचं बोट थांबलं.

“तुम्ही कोण?” त्यानं विचारलं.

“मेंढरं मोजणाऱ्यांतली,” मी म्हणाले. “रुपयेही मोजता येतात आम्हाला. नऊ होते.”

बाकावरचे दोघे शनिवारवाले चहाचे कप धरून बघत होते. तो काहीतरी म्हणू पाहत होता, शब्द येत नव्हते. तो अनुभव मला चांगला ठाऊक आहे. बाहेर पडला आणि अण्णांच्या पायरीवर मटकन बसला. मला वाटलं, बस. बस तिथंच. पण अण्णा उठले, माठातून पाण्याचा पेला भरला आणि त्याला नेऊन दिला.

मी भडकले. “अण्णा, माझ्या आईला त्या दिवशी कुणी पाणी विचारलं नव्हतं.”

“ती त्याची पायरी होती अक्का. ही माझी आहे.”

त्या पेल्याबद्दल मी अण्णांना अजून माफ केलेलं नाही. जाते मात्र दर शनिवारी. वहीतल्या त्या दोन नोंदी खोडायच्या का, असं त्यांनी विचारलं तेव्हा मी नको म्हटलं. पूर्व भागात नाण्यांसाठी येणारा प्रत्येक माणूस त्या वाचतो, आधी त्याची आणि मग माझी.

त्या दिवशी संध्याकाळी घरी आले. आई आता माझ्याकडेच असते. मोतीबिंदूनं तिची नजर जवळजवळ गेली आहे, म्हणून ती चमक तिला दिसणार नव्हती. मी रुपया तिच्या तळहातावर ठेवला. अंगठा फिरला, घाव सापडला, तिथंच राहिला.

“कुटं गावला?”

मी सगळं सांगितलं. रुपया उजळला हे सांगितलं तेव्हा तिनं अंगठ्यानं तो सगळ्या अंगानं चाचपला आणि पुन्हा घावावर आली.

“आन् मंग त्यो काय म्हनला?”

“काही नाही. पायरीवर बसला.”

“किती येळ?”

“अर्धा तास असेल.”

आईनं रुपया पदराच्या टोकात बांधला, गाठ दातांनी आवळली.

“मी लई येळ बसले हुते,” ती म्हणाली.