चिंचेने घासलेली गिटार

माझ्या गिटारच्या पांढऱ्या अंगावर, तारांच्या खालच्या बाजूला, बोराएवढा लालसर डाग आहे. कार्यक्रम संपला की नवी वाजवणारी पोरं जवळ येतात, वाकून वाकून बघतात आणि हमखास त्या डागाबद्दल विचारतात. मी सांगतो, वाईन सांडली, गोव्यात. पोरं खूश होतात. रॉक वाजवणाऱ्या माणसाच्या गिटारवर वाईनच सांडलेली असावी अशी लोकांची अपेक्षा असते आणि मी ती इतकी वर्षं पुरी करत आलो. धादांत खोटं आहे ते. तो कुंकवाचा डाग आहे, आणि रागाच्या भरात मी तो पुसायला गेलो म्हणून एवढा पसरला.

गिटार माझ्यापेक्षा वयाने मोठी आहे. बोर्ली पंचतनला माझ्या वडिलांचे एक मित्र राहायचे, त्यांना मी चाचा म्हणायचो. ते मालवाहू बोटीवर खलाशी होते. जपानच्या एका बंदरात जुन्या सामानाच्या दुकानात त्यांना ती मिळाली. पाठीवर आधीच्या मालकाच्या पट्ट्याचे ओरखडे होते, खालच्या कोपऱ्याचा टवका बोटीच्या जिन्यावर उडाला. पुढे दोरखंडात सापडून चाचांच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली. मी तेव्हा कॉलेजात होतो आणि मित्राच्या मोडक्या गिटारवर जीव काढत होतो. चाचा स्वतः गिटारची पेटी घेऊन एसटीने आमच्या घरी आले. म्हणाले, "घे बेटा. हिला बोटं पाहिजेत, माझी तर गेली." निघताना दारात चपला घालता घालता म्हणाले, "खाऱ्या हवेत लोखंड टिकत न्हाय. हिला जप." हे ते मला म्हणाले, पण दाराशी आईही उभी होती.

आईला माझं वाजवणं मुळीच पटलं नव्हतं. गिटारला ती 'टुणटुणं' म्हणायची. कुणी विचारलं, मुलगा काय करतो, तर सांगायची, मुंबईला असतो. काय करतो ते नाहीच. मला ते लागायचं. मी बोलून दाखवत नसे, पण घरी आलो की मुद्दाम मोठ्याने वाजवायचो.

आता थोडं यंत्राचं सांगायला हवं. तारांच्या खाली पिकअप असतात, म्हणजे चुंबक, आणि त्याभोवती केसाहून बारीक तांब्याची तार हजारो वेळा गुंडाळलेली. इलेक्ट्रिक गिटारचा आवाज तिथे असतो, बाकी सगळं लाकूड. माझ्या गिटारचे पिकअप जुने, हाताने गुंडाळलेले होते. सर्दी झालेली बाई गाते तसा किंचित घोगरा आवाज यायचा. त्या आवाजावरच आमच्या बँडला पहिलं रेकॉर्डिंग मिळालं होतं. ते दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी होतं. त्याआधी पंधरा दिवस मुंबईत खोली बदलायची होती, सामान इकडेतिकडे पडणार, म्हणून मी गिटार घरी आणून ठेवली आणि परत गेलो. दसऱ्याला सकाळी घ्यायला आलो.

ओटीवर पाट मांडले होते. आमच्याकडे खंडेनवमीला घरातली सगळी हत्यारं धुऊन-घासून पुजतात आणि दसऱ्यापर्यंत तशीच ठेवतात. कोयता, विळा, वडिलांची पहार, आईचं शिलाई मशीन. त्यांच्या मधोमध माझी गिटार होती. झेंडूची माळ घातलेली, हळदकुंकू लावलेलं, आणि तिचे धातूचे भाग देवाच्या समईसारखे चकाकत होते.

आई पदराला हात पुसत बाहेर आली. "औंदा तुझी पन हत्यारांत मांडली," म्हणाली. "सगली काली पडली व्हती रे. चिंच नि मीठ लावून घासली, मग दोन तांबे पानी घातलं. बघ कशी दिसते."

मी ॲम्प्लिफायर लावला. नुसती घरघर आली. एक पिकअप मेलेला, दुसरा कण्हत होता.

मग मी जे बोललो ते मला शब्दन् शब्द आठवतं. अक्कल गहाण ठेवली होतीस का, म्हणालो. ही काय तुझी पितळेची घागर आहे, ओल्या हाताने घासायला? आयुष्यभर अडाणी राहिलीस ती राहिलीस, माझ्या पोटावर कशाला पाय देतेस? यापुढे माझ्या गिटारला हात लावायचा नाही, कळलं? ती एवढंच म्हणाली, "मला काय म्हाईत रे बाला. चाचा बोल्ला व्हता ना, जप म्हनून." मी माळ तोडून अंगणात फेकली, पेट्रोलच्या बोळ्याने कुंकू खरवडलं आणि न जेवता निघालो. दसऱ्याच्या दिवशी. तिने श्रीखंड केलं होतं.

मुंबईत दुरुस्तीवाल्याने पिकअप उघडला. आत चिंच-मिठाचं पाणी मुरून तार हिरवी पडली होती, तिचे तुकडे तुकडे झाले होते. रेकॉर्डिंग मी उसन्या गिटारवर केलं. नवे पिकअप बसले, ते चांगले आहेत, लोक वाहवा करतात. पण चाचांनी आणलेला तो आवाज गेला तो गेलाच.

आवाजाचं दुःख मी खूप वर्षं कुरवाळलं. आईने मला पहिल्यांदा कामाचा माणूस मानलं होतं, तेही त्याच दिवशी, हे माझ्या टाळक्यात फार उशिरा शिरलं. माफी मागायची आमच्या घरात रीत नाही. मी तिला साड्या आणल्या, डोळ्यांचं ऑपरेशन करून दिलं, आणि मनाशी म्हटलं, मिटलं. मिटलं कुठलं. घरी गेलो आणि गिटार भिंतीशी टेकवली की ती झाडू घेऊन दारातच थांबायची. "ती तुझी वस्तू उचल रे, केर काढायचाय." गिटारच्या भोवती वीतभर जागा सोडून झाडायची. दर दसऱ्याला कोयता, विळा, मशीन, पुढे मिक्सरसुद्धा पाटावर बसला. गिटार नाही. मी तिथेच असायचो, आणि मीही कधी म्हटलं नाही की आई, मांड.

गेल्या वर्षी ती अंथरुणाला खिळली होती. बोलणं कमी झालं होतं, पण भान होतं. खंडेनवमीला हत्यारं मीच घासली, तिच्या खाटेजवळ पाट मांडले आणि गिटार उचलून तिच्या उशाशी आणली. कुंकवाचा करंडा पुढे धरला. म्हटलं, "आई, हिला तुझ्या हाताने लाव." तेवढ्या एका बोटासाठी मी मुंबईहून आलो होतो.

तिने गिटारकडे बघितलं. त्या डागाकडेही बघितलं असावं. मग हळूच म्हणाली, "नको रे बाला. माझे हात वले हायत."

आणि दोन्ही हात तिने चादरीखाली घेतले. सकाळी अंग पुसल्यावर ते हात मीच पंच्याने कोरडे केले होते.