रिबकाबाईंचा कौल

रिबकाबाई कोणताही पदार्थ जिभेवर ठेवला की डोळे मिटून घ्यायच्या. घास पुरता गिळून होईपर्यंत उघडायच्या नाहीत. करणारी बाई पदराला हात पुसत समोर ताटकळत असायची आणि ह्यांचं आपलं सावकाश चाललेलं असायचं. मग डोळे उघडून दोनच शब्द. आवडलं तर "हात आहे." नाही आवडलं तर "घाईचं आहे." सात वर्षांत माझ्या वाट्याला ह्यातलं काहीच आलं नाही. मला त्या म्हणायच्या, "बरं आहे, वैनी."

रिबकाबाई बेने इस्रायल, म्हणजे आपल्या कोकणातल्या ज्यू. पनवेलला मुलींच्या शाळेत शिकवायच्या. नवरा टपालखात्यात, मूलबाळ नाही. आमची आणि त्यांची भिंत एकच. शनिवारी त्यांची चूल पेटायची नाही. त्यांच्या सणाला त्या गव्हाचा चीक काढून नारळाच्या दुधात हलवा करायच्या आणि पहिली वडी आमच्याकडे द्यायच्या. त्या वडीसाठी माझी सुधा सकाळपासून त्यांच्या उंबऱ्यात बसलेली असायची. सासूबाई तर लोणच्याच्या बरणीला दादरा बांधायच्या आधी एक फोड रिबकाबाईंकडे पाठवायच्या. मी घरची सून, पण मिठाचा अंदाज मला कुणी कधी विचारला नाही. मी तोंडावर गोड बोलायचे आणि आत जळायचे.

नणंदेचं लग्न ठरलं तेव्हा सासूबाईंनी मुंबईहून खास जिन्नस आणायचं काढलं. ह्यांना कचेरीतून रजा मिळेना. मी म्हटलं, "आपण दोघी सुधाला घेऊन जाऊन येऊ."

"रिबकेला घेऊ या," सासूबाई म्हणाल्या. "तिची जीभ बरोबर असली म्हणजे मला घोर नाही."

म्हणजे माझ्या जिभेचा घोर होता.

दिवाळीच्या सुट्टीतला दिवस. पहाटेच्या एस.टी.ने उरण, तिथून मोरा बंदर. ओहोटी असल्यामुळे आधी होडीत बसून मग लाँचवर चढायचं होतं. सासूबाईंचा पाय उचलेना. होडीवाला म्हणाला, "आई, हात द्या. घाबरू नका, मी हाय." त्यांनी हात दिला तो रिबकाबाईंना. लाँच सुटली तशी सुधाही त्यांच्या मांडीवर जाऊन बसली. मी फराळाचा डबा धरून समोरच्या बाकावर बसले होते.

भुलेश्वरात आम्ही दुकानामागून दुकान पालथं घातलं. एका बोळात म्हातारा हलवाई माहीमच्या हलव्याचे पातळ पापुद्रे हाताने लाटत होता. रिबकाबाईंनी तुकडा तोंडात ठेवला, डोळे मिटले. रस्त्यातली गर्दी त्यांना धक्के देत होती, त्या हलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "हात आहे. पण तूप शेवटी घातलंत ना आज?"

म्हाताऱ्याने लाटणं खाली ठेवलं. "रोज आधी घालतो, बाई. आज मुलाने केलं." तो त्यांना आत भट्टीपाशी घेऊन गेला. सासूबाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बघितलंस?" जणू कौतुक त्यांच्या पोटच्या मुलीचं होत होतं.

पुढे एका दुकानात मी सुतरफेण्या निवडल्या. पांढऱ्याशुभ्र, केसासारख्या बारीक. मी चाखून पाहिल्या होत्या, मला आवडल्या होत्या. दुकानदार बांधायला लागला तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "थांबा हो. रिबका, तू बघ."

रिबकाबाईंनी बघितलं. "घाईचं आहे, काकू."

दुकानदाराने सोडलेला दोरा पुन्हा गुंडाळला. माझ्या कानशिलांना चटका बसल्यासारखं झालं.

दुपारी त्या म्हणाल्या, "मला फोर्टात तासाभराचं काम आहे. वैनी, सोबत येता?" सासूबाई आणि सुधा एका देवळाच्या ओवरीत बसल्या आणि आम्ही दोघी ट्रामने गेलो. एका कचेरीत त्यांनी पिशवीतून कागद काढले. वर दोघा नवराबायकोचे फोटो टाचलेले. कारकुनाशी झालेल्या बोलण्यावरून मला कळलं, ही मंडळी कायमची इस्रायलला निघाली आहेत.

बाहेर आल्यावर त्या जिन्यातच थांबल्या. "ह्यांनी नाव घातलं. भाऊ, पुतणे सगळे तिकडे गेले. काकूंना अजून सांगितलं नाही. एवढं लग्न होऊ द्या, मग मी माझ्या तोंडाने सांगेन. तोवर तुम्ही बोलू नका. एवढं करा माझ्यासाठी."

"नाही बोलणार," मी म्हटलं.

"मला तुमचा हेवा वाटतो, वैनी. तुम्हाला कुठं जायचं नाही."

त्यांचे डोळे भरले होते. मी त्यांचा हात धरायला हवा होता. मी मनात महिने मोजत होते.

परतीच्या लाँचवर सासूबाई खुशीत होत्या. रिबकाबाईंच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "पुढच्या दिवाळीचा फराळ सगळा तुझ्या देखरेखीखाली. आमच्या हिला जरा शिकव."

"पुढच्या दिवाळीला त्या इथे कुठे असणार?" मी म्हटलं. "त्या देश सोडून चालल्यात. आजच कागद देऊन आल्या."

सासूबाईंचा हात पाठीवरच राहिला. "खरं का गं?"

"हो, काकू," रिबकाबाई म्हणाल्या. माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. सुधा त्यांच्या गळ्याला मिठी मारून रडायला लागली, ती मोरा येईपर्यंत रडत होती. मी तिला घ्यायला गेले तर तिने माझा हात झिडकारला.

लग्नात रिबकाबाई चारही दिवस राबल्या. माझ्याशी पूर्वीसारख्याच बोलल्या. फाल्गुनात त्या गेल्या. त्यानंतर लोणच्याची फोड माझ्यापुढे यायला लागली. मी चाखून सांगायचे आणि सासूबाई "हं" म्हणून बरणी बांधायच्या.

त्यांची पत्रं सासूबाईंच्या नावाने येत. सासूबाई गेल्या तेव्हा कळवायचं काम माझ्यावर आलं. सगळं लिहून झाल्यावर पत्राच्या शेवटी मी लाँचवरच्या त्या बोलण्याची माफी मागितली.

दोन महिन्यांनी उत्तर आलं. दोन पानं काकूंच्या आठवणींची, सुवाच्य मराठीत. तळाशी माझ्यासाठी चार ओळी होत्या. "तुम्ही बोललात ते एका परीने बरं झालं. काकूंना सांगायला माझी जीभ रेटली नसती. पण वैनी, मी तुमच्याकडे आयुष्यात एकच गोष्ट मागितली होती."

सुधा तेव्हा कॉलेजात जात होती. संध्याकाळी आल्याबरोबर म्हणाली, "रिबकामावशीचं पत्र ना? वाच." मी तिला सगळं पत्र मोठ्याने वाचून दाखवलं. तेवढ्या चार ओळी गाळल्या.