खिडकीत खोचलेलं कार्ड

हिरामावशी गेल्याचा फोन आला तेव्हा मी उमरोळीच्या घरी सुरण चिरत होते. मुरब्याहून तिची शेजारीण सांगत होती, "ताई, मावशी गेली. सकाली चा पिली, खिडकीत बसली, आनि..." पुढचं तिला बोलवेना. मला आधी हसूच आलं. खिडकीत म्हणे! जिने ती खिडकी वर्षानुवर्षं कोणाला उघडू दिली नाही... मग रडू आलं, ते थांबेना.

मावशीचं घर अगदी किनाऱ्याला. नाना, म्हणजे तिचे यजमान, मासेमारीला गेले. वादळात सापडलेली बोट परत आली, नाना आले नाहीत. तेव्हापासून मावशीने दर्याशी बोलणं टाकलं. समुद्राकडची खिडकी बंद झाली. नारळी पौर्णिमेला सारा गाव वाजतगाजत नारळ सोडायला जायचा आणि ही मागच्या दारी भांडी घासत बसायची. कोणी बोलवायला आलंच तर म्हणायची, "त्याने माजा मानूस नेला, वर नारल कशाला?" मासे मात्र विकायची आणि चवीने खायचीही. मासल्यांशी माजं भांडन नाय, म्हणायची.

तिची लेक स्वाती अमेरिकेत. मागे एकदा तिने मावशीला आणि मला बोलावून घेतलं आणि थेट क्रूझवर चढवलं. सगळे डेकवर हुंदडत होते नि मावशी पडदा ओढून खोलीत. कॅरिबियनमधल्या एका बेटावर जहाज दिवसभरासाठी लागलं तेव्हा कुठे ती "जमीन तरी दिसली" म्हणत उतरली. अंगावर लुगडं, पायात लेकीचे बूट, गळ्यात फोटो असलेलं जहाजाचं कार्ड. किनाऱ्यावर पोचलो आणि ती थबकली. पाणी हिरवंनिळं, तळ दिसेल इतकं नितळ. बराच वेळ ती बघत राहिली. मग म्हणाली, "हा आपला दर्या नाय. ह्याने माजं कायच नेलं नाय." बूट काढून तिने माझ्या हातात दिले. "जा, नारल आन."

नारळवाला तिथेच होता, पण तो पडला पाहुण्यांना पाणी पाजणारा. मी बोट दाखवायचा अवकाश, त्याने सपकन वरचा भाग उडवला आणि नळी खोचली. दुसऱ्यांदाही तेच. शेवटी मावशीच पुढे आली, त्याच्या हातातला सुरा बाजूला सारून चक्क आपल्या बोलीत म्हणाली, "अरे बाबा, अख्खा दे. मला नाय प्यायचा, ह्याला द्यायचाय." त्याला काय कळलं देव जाणे, पण नारळ अख्खा मिळाला.

गुडघाभर पाण्यात जाऊन तिने तो सोडला आणि हात जोडले. तेवढ्यात टोपी घातलेला एक गोरा गृहस्थ धावत आला आणि बाईंचा नारळ पडला असं समजून तिच्या हातात आणून दिला! मावशीने पुन्हा सोडला, त्याने पुन्हा आणला. भला माणूस, करणार काय? तिसऱ्यांदा तिने त्याचं मनगट धरलं, दुसऱ्या हाताने नारळ सोडला, समुद्राकडे बोट दाखवलं आणि नमस्कार केला. तो ओशाळला. टोपी काढून तिच्या शेजारी उभा राहिला. मावशी पाण्याला सांगत होती, "आमच्या तिकडच्या दर्याला निरोप दे. मी अजून रागावलेली हाय. पन नारल घे म्हनावं."  नानांच्या मागे मी तिला पहिल्यांदा रडताना पाहिलं. मलाही आवरलं नाही.

मुरब्याला परतल्यावर तिने आधी ती खिडकी उघडली. बिजागऱ्या गंजलेल्या, खिडकी उघडी धरणारी अडणी कधीच तुटलेली. मग रोज सकाळचा चहा तिथेच. मी गेले की समुद्राच्या तक्रारी ऐकवायची, "बघ, काल किती कचरा आनून टाकलान!" घरच्या माणसावर कुरकुरावं तशी.

दिवसकार्य आटोपल्यावर स्वाती आणि मी घर बंद करायला गेलो. खिडकी वाऱ्याने आपटू नये म्हणून मावशीने बिजागरीजवळच्या फटीत जहाजाचं ते कार्ड खोचून ठेवलं होतं. "आठवण म्हणून हे नेते," असं म्हणत स्वातीने ते ओढलं. खिडकी धाडकन मिटली. खोलीत अंधार झाला. 

मग स्वातीने खिडकी ढकलून उघडली आणि कार्ड परत खोचलं, आईचा फोटो समुद्राकडे येईल असं. आम्ही फक्त दाराला कुलूप लावून निघालो.